ईदच्या दिवशी आलेली व्हॅन

तौफीकनं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. स्वयंपाकघरात खाऱ्या माशाचे काटे काढत बसलेल्या रौदाला तेवढ्यावरनंच कळलं, की आपला थोरला भाऊ आज सगळं ठरवूनच आलाय.

"आली वाटतं वरात," ती म्हणाली.

"ईदच्या सकाळी तरी सरळ बोल गं बाई," मन्नूबिया, तिची आई, म्हणाली. तिच्यासमोर शर्मूलाचं पातेलं होतं. कांदा आणि बेदाणे शिजून शिजून काळेभोर झाले होते. ईदचा पहिला घास या शर्मूलाचा आणि खाऱ्या माशाचा नसेल तर या स्फाक्स शहरात तिला ईद म्हणायचं तरी कुणी. "जा, फाटक उघड. म्हणावं, शेजारी नमाज पढून आत्ता कुठे टेकलेत, त्यांचे कान फोडू नकोस."

रौदानं हात पुसले आणि अंगणात आली. फाटकाबाहेर एक पांढरीशुभ्र व्हॅन उभी होती. उंच म्हणजे किती उंच, तर आत शिरता शिरताच तिनं बाबांनी लावलेल्या जाईची एक फांदी मोडली. फाटकाच्या दोन्ही अंगांना जेमतेम हात शिरेल एवढी जागा. धाकटा भाऊ अनीस नव्या पांढऱ्या झब्ब्यातच धावत आला होता आणि पुढे उभा राहून ओरडत होता, "ये, ये, ये... थांब! अरे, थांब म्हटलं ना, भिंत तुझ्या सासऱ्याची आहे का?"

"सासऱ्याची नाही, मेव्हण्याची आहे," तौफीक खिडकीतनं डोकं काढून म्हणाला. "भिंत नाही, गाडी! नाजीनं आपल्या गाड्यांच्या दुकानातनं ईदपुरती वापरायला दिलीय. बघा, बसा, फिरवा, आणि ईद झाली की सांगा. एक नाही, अशा तीन घ्यायच्यात."

गेल्या उन्हाळ्यापासून खर्रातांच्या घरात गाड्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. बाबांनी, म्हणजे हाज्ज सादोकनी, लग्नाच्या मिठाईचा धंदा उभा केला तो तीन छोट्या व्हॅनवर. ते गेले, आणि गाड्याही त्यांच्या मागे निघाल्यासारख्या एकेक करून खंगत गेल्या. गेल्या वर्षी ऐन शहिली वाऱ्यात, म्हणजे वाळवंटातनं भट्टीची हवा येते त्या दिवसांत, जल्लूलींच्या लग्नाची सगळी मिठाई घेऊन निघालेली गाडी वाटेतच बसली. ती रौदाची गाडी होती. बकलावाचं पाणी पाणी झालं. वधूच्या आईसमोर मान खाली घालून उभं राहायचं काम मात्र तौफीकच्या वाट्याला आलं. तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच शब्द होता. भरवशाची गाडी.

"भरवशाची म्हणजे काय, ते एकदा बघून घ्या," तो आता म्हणत होता. त्यानं मागचं दार उघडलं. थंडगार हवा अंगावर आली. "आतलं सगळं गार राहतं. मधे बाकडं आहे, माणसंही बसतात. दोन वर्षं हिच्याकडे कुणी बघायलाही नको. काही झालं तर कंपनीचा माणूस येतो."

"येतो ना, पण कधी येतो?" रौदानं विचारलं. "आपली छोटी गाडी बंद पडली तर ग्रेम्दा रस्त्यावरचा कुठलाही मेकॅनिक पाना घेऊन धावत येतो. मला सगळे नावानं ओळखतात."

"तेच म्हणतोय मी! चांगल्या गाडीच्या मालकाला मेकॅनिकचं नाव माहीत असायची वेळच येत नाही."

अनीस खो खो हसला. त्याच्या हसण्याचा काही नेम नसायचा. जो शेवटचा बोलेल त्याच्या बाजूनं तो हसायचा. मग एकदम काहीतरी सुचून तो आत पळाला आणि भट्टीवरचं मोठं गोल तांब्याचं ताट घेऊन आला. ते मागच्या फळ्यांवर बसवून बघितलं, तर अर्धं बाहेर.

"फळ्या बदलता येतात," तौफीक म्हणाला.

"ताट नाही बदलता येत," अनीस म्हणाला. "बाबांच्या वेळचं आहे." आणि तो पहिल्यांदाच जरा विचारात पडल्यासारखा दिसला.

रौदा मात्र गुपचूप पुढच्या सीटवर चढून बसली होती. काचेतनं सगळं अंगण खाली दिसत होतं. छान वाटत होतं, खोटं कशाला बोला. तिनं क्लचवर पाय टाकला. पाय पोचला नाही. सीट पुढे ओढली, ती एवढीशी सरकून अडली. पाठीमागे उशी घेतली तर जेमतेम जमेल, असा तिनं मनात हिशेब केला आणि खाली उतरली.

घरातनं मन्नूबियाची हाक आली, "मासा गार होतोय! गाडी काय पळून जाणार आहे?"

जेवताना गाड्यांचा विषय काढायचा नाही, अशी मन्नूबियाची ताकीद होती. ती पाच मिनिटं टिकली. मग तौफीक हॉटेलांबद्दल बोलला, समुद्राकाठच्या लग्नाच्या हॉलांबद्दल बोलला, एकाच खेपेत किती ताटं जातील ते बोलला. मन्नूबिया प्रत्येकाच्या ताटलीत शर्मूला वाढत राहिली आणि "हो का रे बाळा" म्हणत राहिली. घर तिच्या नावावर, भट्टी तिच्या नावावर. सही तिचीच लागणार होती.

"उम्मी, तू काय म्हणतेस?" तौफीकनं विचारलं.

"मी काय म्हणू? ज्यात माझी पोरं वाटेत अडकून पडणार नाहीत, ती गाडी घ्या. आज सगळ्या भेटीगाठी हिच्यातनंच करू. बसल्याशिवाय कसं कळणार?"

जेवणं झाल्यावर रौदा अंगणातल्या नळावर ताटल्या धूत होती. तौफीक सिगरेट ओढायला म्हणून तिच्यामागे आला आणि सिगरेट न पेटवताच उभा राहिला. हे लक्षण चांगलं नव्हतं. लहानपणी बाबांपासून काही लपवायचं असलं की तो असाच उभा राहायचा.

"रौदा, तुझ्यासाठी ऑफिसात टेबल करून घेतलंय," तो म्हणाला. "खिडकीजवळ. एसी आहे. ऑर्डरी तूच घ्यायच्या. बायका तुझ्याशीच बोलतात, मला ठाऊक आहे."

"आणि गाडी?"

"गाड्यांवर दोन पोरं ठेवतोय. ती धुडं तुला कुठे झेपणार?"

"बागांच्या गल्ल्यांतनं ती धुडं जाणारच नाहीत, तौफीक. दोन भिंतींमधनं आणि निवडुंगामधनं माझं कासव कसंबसं निघतं." कासव हे तिच्या व्हॅनचं नाव होतं. ते अनीसनं ठेवलं होतं आणि गाडी त्या नावाला जागायची.

"गल्ल्या बंद करायच्या. रस्त्यावर येऊन घेतील ज्यांना हवंय ते."

रौदानं नळ बंद केला. "वधूची ताटं तिची आई भर रस्त्यावर येऊन घेईल? आणि आपण खर्रात म्हणवून घ्यायचं? बाबा असते तर..."

"बाबा नाहीत!" तो एकदम ओरडला, आणि लगेच आवाज खाली आला. "बाबा नाहीत, मी आहे. त्या दिवशी तुला शोधत मी आलो, तेव्हा तू रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभी होतीस. ओढणी भिजवून ताटांवर धरून. ट्रकवाले हॉर्न मारत चालले होते. मी आयुष्यात तेवढा घाबरलो नव्हतो. मला तू पुन्हा तशी उभी दिसायला नकोस. बस्स."

रौदाला एवढा राग आला होता, आणि आता तो ठेवायचा कुठे तेच तिला कळेना. या माणसाशी भांडावं कसं? तो तिचं वाईट चिंतत असता तर सोपं झालं असतं.

नवऱ्याचं घर सोडून ती परत आली तेव्हा महिनाभर खोलीच्या बाहेर पडली नव्हती. एके सकाळी बाबांनी दारात उभं राहून किल्ल्या वाजवल्या होत्या. "चल, मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाही," म्हणाले होते. चष्मा त्यांच्या खिशातच होता. गाडी चालवायला ती तशी शिकली. पुढे रोज पहाटे गाडी गल्लीत वळली की कुणीतरी दार उघडून "रौदा आली गं" म्हणायचं, आणि तिला वाटायचं की हो, आली. ते सगळं आता खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून द्यायचं होतं.

"उम्मीला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"ईद होऊ दे. आज नको."

तिनंही सांगितलं नाही. आईला सांगणं म्हणजे भावाची तक्रार करणं, आणि ईदच्या दिवशी तक्रार करावी एवढी ती लहान राहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळे त्या उंच व्हॅनमधनं आत्याकडे, मावशीकडे, बाबांच्या कबरीवर जाऊन आले. सिहाम, तौफीकची बायको, बाकड्यावर रौदाशेजारी बसली होती. व्हॅन नाजीची, आणि नाजी तिचा सख्खा भाऊ, म्हणजे तिनं तोंड भरून कौतुक करायला हवं होतं. पण आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॅन वळेना, आणि सगळ्या बायकांना नव्या चपला घालून धुळीतनं चालत जावं लागलं, तेव्हा ती रौदाच्या कानाशी लागून म्हणाली, "माझा भाऊ म्हणून सांगते, त्याच्याकडे मागच्या बाजूला लहान व्हॅनही उभ्या आहेत. नव्या कोऱ्या. पण ह्यांनी विचारलंच नाही, आणि त्यानं दाखवल्या नाहीत."

"मग तू सांग ना तौफीकला."

"मी? मी सांगितलं तर हे म्हणणार, माहेरचा माल खपवतेय, आणि भाऊ म्हणणार, सासरची होऊन माझी मोठी गाडी बुडवली. मी आपली गप्प बरी."

दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या सासरी-माहेरी गेला. व्हॅन अंगणात उन्हात उभी राहिली, काचा वर, दारं बंद. त्याच दिवशी शहिली सुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाजी गाडीचं काय ठरलं ते विचारायला आला. गुळगुळीत दाढी, बगलेत कागद. तौफीक, अनीस, सिहाम सगळे अंगणात जमले. मन्नूबिया दारात खुर्ची टाकून बसली, सही करायची म्हणून चष्मा लावून. रौदा कासवाच्या बॉनेटला टेकून उभी होती. आज शेवटचाच दिवस असेल तर तो याच्याजवळ उभं राहून काढावा, असं तिला वाटत होतं.

तौफीकनं ऐटीत व्हॅनचं दार उघडलं, आणि उघडल्या उघडल्या दोन पावलं मागे आला.

"या अल्ला!"

वास नव्हताच तो. धक्का होता धक्का. सिहामनं नाकाला ओढणी लावली. अनीस म्हणाला, "आत काय मेलंय?" नाजीचा तर चेहराच उतरला, तो श्वास रोखून आत वाकला, त्यानं इकडे तिकडे चाचपलं, आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या खणातनं एक फडकं बाहेर काढलं. फडक्यात मासा होता. अख्खा. मिठातला, न भिजवलेला, डोक्यासकट. त्याचं खारं पाणी सीटच्या कापडात, खालच्या जाजमात, सगळीकडे मुरलं होतं.

कुणी काही विचारायच्या आधी मन्नूबिया खुर्चीतनं उठली. "मी ठेवला," ती म्हणाली.

"उम्मी!"

"अरे, नवी गाडी दारात आली, आणि मासा नको? बाबा प्रत्येक गाडीत ठेवायचे. दृष्ट लागू नये, वाटेत काही होऊ नये म्हणून."

"बाबा शेपटी ठेवायचे, उम्मी!" तौफीक जवळजवळ रडकुंडीला आला. "वाळलेली शेपटी! आरशाला बांधून! आणि गाडी आपली झाल्यावर! ही अजून नाजीची आहे गं!"

"हो का?" मन्नूबियाचा हात तोंडावर गेला. "मला वाटलं, घेतल्यातच जमा." ती परत खुर्चीत बसली. एवढी ताठ बाई, पण एकदम लहानखुरी दिसायला लागली. "वाळलेली शेपटी नव्हती घरात. आणि मला वाटलं, नुसत्या शेपटीनं काय होणार. रौदा चालवणार ही गाडी. बाईमाणूस एकटी रस्त्यावर, आणि गाडी एवढी राक्षसासारखी. गेल्या वर्षी पोर कशी उन्हात उभी राहिली, ते मी विसरलेय का? म्हणून अख्खा ठेवला. मनात म्हटलं, माझी पोर रोज घरी परत येऊ दे."

 तौफीक रौदाकडे बघत होता आणि रौदा जमिनीकडे.

"रौदा चालवणार नाही, असं कुणी म्हटलं का?" मन्नूबियानं विचारलं. तिला काही उलगडा होत नव्हता. "काय झालं? चालवायला ती नाही, तर दुसरं कोण आहे?"

रौदाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलंही नाही.

शेवटी अनीस बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कुणी शेवटचं काय म्हटलं त्याची वाट न बघता बोलला. "एक सांगतो. मी भट्टीतनं काढलेला एक घाससुद्धा या गाडीत ठेवू देणार नाही. तूप वास लगेच धरतं. वधूच्या घरी बकलावा नेऊन देणार आणि लोक म्हणणार, वा, कालवणही छान झालंय."

सिहाम फिसकन् हसली. मग अनीस. मग, देवाची शपथ, नाजीही. तौफीकनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा रौदाला आधी वाटलं तो रडतोय.

"उम्मी, उम्मी," तो हसत हसत आईच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसला आणि तिनं कपाळाला लावलेला हात ओढून त्यानं त्याचं चुंबन घेतलं. "असू दे. काही बिघडलं नाही. नाजी, तू काळजी करू नकोस, गाडी आमच्या गळ्यात. शब्द दिलाय."

"आधी बघतो, दुसरीकडे कुठे खपतेय का," नाजी म्हणाला, आणि काचा पूर्ण खाली करून, डोकं बाहेर काढून, गाडी घेऊन गेला. जाताना जाईची आणखी एक फांदी मोडली.

ईदनंतरची पहिली लग्नं त्याच दिवशी होती. दुपारी बागांच्या बाजूला ताटं पोचवायची होती. उरलेल्या दोन छोट्या गाड्यांपैकी एक चालू होईना आणि दुसरीचा टायर बसला होता. राहिलं कासव. ते गच्च भरलं, आणि शेवटचं ताट काही मावेना.

"दे इकडे," तौफीक म्हणाला. तो रौदाशेजारच्या सीटवर बसला आणि त्यानं ताट मांडीवर घेतलं.

 वाटभर कासव खोकत होतं, चढाला कण्हत होतं. तौफीक दर खोकल्याला ताट घट्ट धरत होता. रौदाला माहीत होतं, गाड्यांच्या बाबतीत तो चुकत नव्हता. हे कासव आणखी एक उन्हाळा काढणार नाही. तिनं पाठीमागची उशी नीट केली आणि गाडी गल्लीत वळवली. दोन्हीकडच्या भिंती आरशांना लागतील न लागतील अशा सरकायला लागल्या. वर निवडुंग पिवळ्या फुलांनी भरला होता.

गल्लीच्या टोकाला, घराच्या दाराशीच, कासवानं एक मोठा सुस्कारा टाकला आणि ते बंद पडलं.

तौफीकनं डोळे मिटून घेतले. "झालं?"

"झालं," रौदा म्हणाली. "पण पोचलो."

दार उघडलं. "रौदा आली गं!" आतनं कुणीतरी ओरडलं, आणि बायकांनी जिभा नाचवत आनंदाची आरोळी दिली. वधूची आजी बाहेर आली, रौदाचे गाल दोन्ही हातांत धरून तिनं मुके घेतले, आणि तौफीककडे बघून विचारलं, "हा कोण? नवीन ड्रायव्हर ठेवलास का?"

"माझा भाऊ, खाला."

"बरं आहे. ताट नीट धर हो, बाळा," आजी तौफीकला म्हणाली. "वाकडं करू नकोस."

पोरीबाळी येऊन एकेक ताट आत घेऊन गेल्या. कुणी तौफीकला थंड सरबत आणून दिलं. तो भिंतीच्या सावलीत उभा राहिला. रौदा बॉनेट उघडून आत डोकं घालून उभी होती, आणि शेजारच्या दारातनं एक बाई तिच्यासाठी पाण्याची बादली घेऊन येत होती, न सांगता.

त्यानं खिशातनं फोन काढला.

"नाजी? हां, मीच. काय? बंदरातल्या मासेवाल्यानं घेतली? वास घेऊन म्हणाला, ही तर आमचीच?" तो हसला, मग हसायचा थांबला. "ऐक. सिहामनं आज शेवटी तोंड उघडलं, म्हणते, तुझ्याकडे मागे लहान गाड्या आहेत. मला कधी सांगितल्या नाहीस त्या. असू दे, मीही विचारलं नाही. थंड हवा त्यांच्यातही बसवता येते ना? बरं. मग तीन त्यातल्या ठेव."

रौदाचं डोकं बॉनेटखालीच होतं, पण हात थांबले होते.

"आणि एक, नाजी," तौफीक म्हणाला. "एकीची सीट पार पुढे सरकते का, ते आज स्वतः बसून बघ. अगदी पुढे. बहिणीचा पाय क्लचवर नीट पोचला पाहिजे. उशी न घेता."